चतुराला मारू नका

मंडळी, पावसाळा सरत आला की मेहकरला पैनगंगेच्या काठी मोठे किडे घिरट्या घालतात. डोळे टपोरे, शेपूट काडीसारखं लांब. पोरं भितात, म्हणतात, "चावंल!"

नीट बघा. जाळीदार पंख चार, आणि बसला तरी ते पसरलेलेच, तर तो चतुर. त्याला नांगी नसते. शेपूट दिसतं ते त्याचं पोट.

मादी पाण्यात अंडी घालते. पिल्लाला पंख नसतात. ते पाण्यातच डासांच्या अळ्या खाऊन वाढतं. मग काडीवर चढून कात टाकतं नि उडतं. उडतानाही डास धरतं.

डासांमुळं हिवताप पसरतो. डबकी आपण बुजवू. पण पोरांनो, चतुराला दोरा बांधू नका. तो आपला राखणदार आहे.