नेमबाजीचे पिस्तूल निवडताना

चप्पल घ्यायला आपण दुकानात जातो तेव्हा पाय बरोबर नेतो. नुसता आकडा सांगून मागवलेली चप्पल पहिल्या आठवड्यातच चावते, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पण नेमबाजीचे पिस्तूल घ्यायची वेळ आली की आपण काय करतो? चार वडीलधारी माणसे जीपमध्ये बसतात, शहरात जातात, आणि दुकानदार जे पुढे ठेवील ते पारखून आणतात. ज्या मुलांच्या हातात ते जायचे, ती मात्र तेव्हा गारगोटीच्या शाळेत गणिताच्या तासाला बसलेली असतात!

हे मी दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. त्या जीपमध्ये एकदा मीही होतो.

आपला जिल्हा तालमीचा. पण अलीकडे तो नेमबाजीचाही झाला आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्निल कुसाळे यांनी रायफलमध्ये ऑलिंपिकचे कांस्य जिंकले. त्यांचे गाव कांबळवाडी, म्हणजे आपल्या भुदरगडला लागून असलेल्या राधानगरी तालुक्यातले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. अशी बातमी आली की गावोगावच्या मंडळांना उत्साह येतो, वर्गणी जमते, आणि वर्गणी जमली की ती खर्च करण्याची घाई होते. म्हणून आज हे बोलणे.

आमच्या त्या खरेदीची हकीकत ऐका. दुकानात दोन पिस्तुले होती. एक साधेसे, हलके. दुसरे काळेभोर, जाडजूड, ‘जास्त पॉवरचे’. आम्ही जास्त पॉवरचे घेतले. गावी आणल्यावर कळले की त्यात स्प्रिंग आहे, आणि ती दाबून पिस्तूल भरायला गड्याचा जोर लागतो. सातवीतल्या एका मुलीने दोन्ही हातांनी, गुडघ्यावर टेकवून, दातओठ खाऊन पाहिले. शेवटी म्हणाली, “सर, हे लई जड हाय. भरंपर्यंतच हात कापाय लागतोय.” आम्ही म्हटले, सवय होईल. सवय झाली नाही. मुलगी यायची बंद झाली. नेम तिचा सगळ्यांत चांगला होता, हे मला आजही बोचते.

आता यात चूक कुठे झाली ते पाहू. नेमबाजीच्या या प्रकारात अंतर १० मीटर. छरा शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा, पुढून सपाट. तो कार्डाला पेपर पंच केल्यासारखे स्वच्छ भोक पाडतो. कार्डावरचे दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढे. कागद फोडायला पॉवर कशाला हवी? स्पर्धेच्या चांगल्या पिस्तुलाचा छरा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो, तेवढे पुरते. उलट जोरदार स्प्रिंगच्या पिस्तुलात छरा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला दट्ट्या पुढे धावतो, पिस्तूल हिसका देते, आणि बटण हुकते.

स्प्रिंग सोडली तर मग काय? एक प्रकार असा की बाजूचा दांडा एकदाच उघडून मिटायचा, तेवढ्याने एका छऱ्यापुरती हवा आत दाबली जाते. बाहेरून काही आणावे लागत नाही. दांडा मिटायला जोर लागतो, पण लहान मुलांसाठी तो शिक्षकाने मिटून द्यावा, त्यात कमीपणा नाही. दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचा. गारव्यात त्याचा दाब उतरतो, उन्हात चढतो, आणि नळकांडे भरून आणायला पन्नासेक किलोमीटर कोल्हापूर गाठायचे. तो आपल्या उपयोगाचा नाही असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरा प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेचा. मोठ्या स्पर्धांतून आज हाच दिसतो, आणि हाताला तो फार हलका चालतो. मात्र दोनशे बारच्या आसपास दाबाची हवा भरायला खास पंप किंवा टाकी लागते, आणि सिलिंडरला वयोमर्यादा असते. त्यावरची तारीख वाचल्याशिवाय जुने पिस्तूल घेऊ नका. परदेशी बनावटीचे नवे घ्यायचे तर किंमत लाखाच्या पुढे जाते. नव्या मंडळाने एकदम तिथे उडी मारू नये.

पण खरी परीक्षा दुकानात करायची असते, आणि तिला पैसे पडत नाहीत. पिस्तूल मोकळे आहे, आत छरा नाही, याची आधी खात्री करा. मग मुलीच्या हातात ते द्या. तोंड भिंतीकडे. तिला डोळे मिटायला सांगा, हात उचलून नेम धरायला सांगा, आणि मग डोळे उघडायला सांगा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली तर मूठ तिच्या हाताची आहे. माशी डावीउजवीकडे सरकलेली असली तर ती मूठ दुसऱ्याच कुणाच्या हाताची. आता बोट पाहा. तर्जनीचे पहिले पेर चापावर सरळ पडावे, बोटाची बाजू लाकडाला घासू नये. मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात, डावखुऱ्यांसाठी वेगळ्या मिळतात. नियमाने पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते, पण बारा वर्षांच्या हातासाठी किलोच्या बरेच खालचे शोधा.

चापाला आपल्याकडे घोडा म्हणतात, तेव्हा घोड्याचीही गोष्ट सांगून टाकतो. इंग्लंडात मुलांचे घोडेस्वारीचे क्लब आहेत. त्यांच्या एका स्पर्धेत मूल घोडा फेकते, पोहते, धावते आणि याच ४.५ मिलिमीटरच्या पिस्तुलाने नेमही मारते. तिथे लहान गटाला १० ऐवजी ७ मीटरवरून, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून मारण्याची मुभा असते. आपल्या तालुक्याच्या स्पर्धांत लहानांसाठी अशी सोय केली तर काय बिघडेल? मुलाला आधी दहाचा आनंद मिळू द्या, एक हात पुढे येईलच.

तर घोडा. मोठ्या स्पर्धेत तो ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. वाण्याकडचे अर्ध्या किलोचे वजन दोरीने चापाला टांगा, पिस्तूल उभे धरून अलगद उचला. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तर पास. छरा न घालता चाप ओढण्याचा सराव करता येतो का, हेही विचारा. स्प्रिंगचे पिस्तूल असे रिकामे उडवले तर आतून खराब होते. चांगल्या पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय असते. पावसाळ्यात आपल्याकडे महिनामहिना मैदान मिळत नाही. त्या दिवसांत घरातल्या भिंतीसमोरचा हा कोरडा सरावच मुलाला टिकवतो.

दुरुस्तीचेही विचारा. टोकियोला २०२१ साली मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा भरायचा दांडा ऐन फेरीत मोडला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात त्यांनी कांस्य मिळवले. ऑलिंपिकला हे होते, तर आपल्याकडे का होणार नाही? वॉशर, सील, दांडा हे सुटे भाग कुठे मिळतात, हे पैसे मोजायच्या आधी कळले पाहिजे.

परवान्याचे थोडक्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, २० जूलपर्यंत जोराच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. पिस्तूल खेळण्यातले आहे असा त्याचा अर्थ नव्हे. डोळा जायला एक छरा पुरतो. म्हणून चष्म्यांचे आणि छरे अडवणाऱ्या पेटीचे पैसे पिस्तुलाच्या पैशातूनच बाजूला काढा. ते नसतील तर खरेदी पुढे ढकला. चिमण्या-पाखरांवर नेम धरणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा. आणि सराव झाला की हात साबणाने धुऊनच डब्याला हात लावायचा, शिसे पोटात जाता कामा नये.

पुढच्या वेळी आम्ही जीप केली नाही. तीन मुली, दोन मुलगे आणि मी, असे सकाळच्या एस.टी.ने निघालो. दुकानात डोळे मिटून भिंतीकडे हात उचलणारी पाच पोरे पाहून गिऱ्हाइके थांबून बघत होती. दुकानदार वैतागला, पण त्याने आतून चौथे पिस्तूल काढले. सगळ्यांत लहान मुठीचे होते ते, आणि रंगाने अगदी मळकट. तेच घेतले.