माशाचा सुजलेला डोळा आणि औषधाची घाई

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय घरात ठेवणाऱ्याला एखाद्या सकाळी माशाचा डोळा खोबणीतून बाहेर आलेला दिसतो, आणि दुपारच्या आत कुठलं तरी औषध टाकीत पडलेलं असतं. ही सकाळ आणि ही दुपार यांच्यामधलं अंतर वाढवावं, एवढ्यासाठीच आजचं व्याख्यान आहे. डोळा बाहेर येणं, ज्याला शौकीन मंडळी पॉपआय म्हणतात, हा स्वतंत्र रोग नव्हे. डोळ्याच्या आत किंवा त्याच्या मागे द्रव, रक्त, पू किंवा वायू साठला की गोळा पुढे ढकलला जातो. कधी मागे गाठ असते. वरून दिसतं ते सारखंच, कारणं मात्र एकमेकांशी संबंध नसलेली. म्हणून टाकीत काही ओतण्याआधी दोन साधे प्रश्न विचारायचे: एक डोळा की दोन्ही? आणि एकच मासा की अनेक?

एकाच माशाचा एकच डोळा सुजला असेल तर पहिला संशय माराचा. माशाला आपल्यासारखी उघडमीट करणारी पापणी नसते. पाण्यात बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा प्रकाश वळवायला फारसा उपयोग होत नाही, ते सगळं काम गोल गोटीसारख्या भिंगाला करावं लागतं, आणि ते भिंग बाहुलीतून थोडं पुढे आलेलं असतं. असा उघडा, फुगीर अवयव घेऊन मासा धारदार खडकांच्या कपारीत शिरतो, जाळीत धडपडतो, हद्दीसाठी शेजाऱ्याशी भांडतो. दोन्ही डोळे एकदम बाहेर आले असतील, पोट फुगलं असेल, खाणं सुटलं असेल, तर बिघाड शरीराच्या आत आहे. समुद्री माशाच्या अंगातला द्रव समुद्राच्या मानाने साधारण एक तृतीयांश खारट असतो. अंगातलं पाणी सतत बाहेर जातं म्हणून तो समुद्राचं पाणी पितो, आणि त्यातलं मॅग्नेशियम व सल्फेट मूत्रपिंडं बाहेर टाकतात. व्हिब्रिओसारख्या जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरला किंवा मूत्रपिंडं थकली की हा हिशेब कोलमडतो आणि द्रव पोटात, डोळ्यांमागे साठतो. हा नियम लोखंडी नाही. जखम दोन्ही डोळ्यांना होऊ शकते, आणि संसर्गाची सुरुवात एका डोळ्यातूनही दिसू शकते. पण पहिला कौल म्हणून तो चांगला आहे.

तिसरं कारण बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं: पाण्यात विरघळलेला जादा वायू. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूच्या जोडात बारीक फट राहिली तर पंप हवा खेचतो, दाबाखाली ती पाण्यात विरघळवतो, आणि पाणी मावेल त्यापेक्षा जास्त वायू धरून बसतं. तो माशाच्या रक्तात उतरतो आणि बुडबुडे होऊन बाहेर पडतो. हाडाच्या बहुतेक माशांच्या डोळ्यामागे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं एक जाळं असतं. दृष्टिपटलाला प्राणवायू पुरवण्यासाठी ते त्याचा दाब फार वाढवतं, त्यामुळे बुडबुड्याला डोळा ही सोयीची जागा ठरते. खोलीतला दिवा मालवून बाजूने टॉर्चचा झोत टाकला, तर बुबुळाच्या पडद्यामागे चकाकणारा गोल बुडबुडा स्वच्छ दिसू शकतो. इथे प्रतिजैविकाने काय होणार? जोड घट्ट करणं आणि पाणी जोरात खळबळवून जादा वायू उडवून देणं, हाच उपचार. बुडबुडा हटतच नसेल तर मत्स्यवैद्य असेटाझोलामाइड वापरतात, पण ते काम त्यांचं.

डोळा बाहेर न येता नुसता दुधाळ झाला असेल, तर अमोनिया, ओरखडा आणि निओबेनेडेनिया हा चपटा कृमी, तिघांवर संशय घ्यावा. हा कृमी जिवंत असताना जवळजवळ पारदर्शक असतो, डोळ्यावर बसलेला असूनही दिसत नाही. टाकीइतक्याच तापमानाच्या आणि तेवढ्याच पीएचच्या, क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यात मासा नजरेसमोर पाचेक मिनिटं ठेवला, की कृमी पांढरे पडतात आणि गळून तळाशी तिळासारखे साचतात. निदान आणि निम्मा उपचार एकाच बादलीत होतो. उरलेला निम्मा प्राझिक्वांटेलचा, कारण टाकीत चिकटलेली अंडी तशीच राहतात आणि पुन्हा फुटतात.

आता दुकानातल्या औषधांकडे वळू. टेट्रासायक्लिन गटातली औषधं समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधली जातात आणि त्यांचा बराचसा जोर तिथेच संपतो. एरिथ्रोमायसिन मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर चालतं, आणि व्हिब्रिओ ग्रॅम-निगेटिव्ह. तांबं पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर चालतं, सुजलेल्या डोळ्याशी त्याचा संबंध नाही, आणि प्रवाळ नि कोळंबी यांना ते मारक. शिवाय जिवाणूंवर चालणारं औषध मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मरू शकतात. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४; पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणजे गोड्या पाण्यात जी चूक खपून जाते, ती इथे सगळ्या टाकीला भोवते. एप्सम मिठाचं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं, थोडं वेगळं. ते सूज ओढून घेतं असं सांगतात. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये मुळातच सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. लिटरला एक ग्रॅम एप्सम मीठ घातलं तर त्यात जेमतेम ०.१ ग्रॅमची भर पडते. गोड्या पाण्यातला तर्क इथे जसाच्या तसा उचलला गेला आहे. बेताने घातलं तर फारसा अपाय नाही, म्हणून त्यावर मी हुज्जत घालणार नाही. विसंबून मात्र राहू नये.

यावर हमखास उत्तर येतं, की औषध घातलं आणि मासा बरा झाला. झाला असेल. पण माराने सुजलेला डोळा स्वच्छ पाण्यात पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि ज्या बाटलीचं झाकण त्या काळात उघडलं गेलं तिला श्रेय मिळतं. औषध न घातलेला तसाच दुसरा मासा शेजारच्या टाकीत कुणी ठेवलेला नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निदानाची वाट पाहता पाहता मासा मरेल, आणि आपल्याकडे माशांचे डॉक्टर आहेत किती? खरं आहे. पण टॉर्च, अमोनियाचं टेस्ट किट आणि एक बादली यांना डॉक्टर लागत नाही. थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे: क्षारता जुळवलेलं ताजं पाणी बदलायचं, मारकुट्या शेजाऱ्याला वेगळं करायचं, चांगलं खाऊ घालायचं. आणि दोन्ही डोळे, सुटलेलं खाणं, अंगावर लाल चट्टे असं एकत्र दिसलं तर मीही थांबा म्हणणार नाही. माशाला लगेच वेगळ्या उपचार-टाकीत न्यावं आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर चालणारं औषध, तो अजून काही खात असेल तर शक्यतो खाद्यातूनच द्यावं. खाद्यातलं औषध आतड्यातून रक्तात जातं, पाण्यातलं वाटेतच वाया जातं.

एक सावधगिरी माणसासाठी. महिनोन्‌महिने खंगत चाललेल्या माशाचे डोळे बाहेर आले असतील तर मायकोबॅक्टेरियम मरिनमचा संशय धरावा. तो कापलेल्या हातातून माणसाच्या कातडीत शिरतो आणि हट्टी गाठी उठवतो. अशा टाकीत हातमोजे घालूनच हात घालावा.

आणि डोळा गेलाच तर? वास आणि अंगावरची, पाण्याची हालचाल टिपणारी रेषा यांच्या आधाराने एका डोळ्याचा मासा चांगला जगतो, मात्र आंधळ्या बाजूने त्याला हाणणारा शेजारी नसला पाहिजे. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या मत्स्यालयात डोळा गमावलेल्या रॉकफिशला शस्त्रक्रियेने कृत्रिम डोळा बसवला गेला. त्याने माशाला काही दिसणार नव्हतंच; रिकामी खोबण पाहून बाकीचे मासे त्याला छळत, ते थांबावं म्हणून तो होता. घरच्या टाकीत एवढा खटाटोप नको. छळणारा मासा दुसरीकडे हलवला आणि खाद्य रोज जखमी माशाच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने टाकलं तर भागतं.