चित्रफितीची कात्री

भाताची कापणी उरकली कीं झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटकमंडळ्या गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील खेड्यांतून फिरतात, आणि मंडपांतील माणसें रात्रभर जागतात. अलीकडे त्यांच्याबरोबर मोबाइल फोनहि जागा असतो. कुणी होतकरू तरुण एखादा प्रवेश टिपून घेतो, घरीं येऊन तो संगणकावर चढवितो, आणि चलच्चित्रांच्या संपादनाचा उमेदवार होतो.

या विद्येस पूर्वीं मोठें भांडवल लागे. आज तें लागत नाहीं. केडेनलाइव्ह हें संपादनाचें साधन फुकट मिळतें. दा विंची रिझॉल्व्हचीहि एक आवृत्ति विनामूल्य आहे. पडद्याच्या खालच्या भागांत एक आडवी पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर चित्रांचे तुकडे एकापुढें एक मांडावयाचे आणि खालीं आवाज जोडावयाचा. पण पहिली ठेंच येथेंच लागते. फोन दर सेकंदास घेतलेल्या चित्रांची संख्या कमीअधिक करीत असल्यामुळें नटाचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, असा प्रकार होतो. ही संख्या आधीं एकसारखी करून घेतली म्हणजे दोष जातो. संगणक मंद असेल तर मूळ फितीची हलकी प्रत, जिला प्रॉक्सी म्हणतात, ती करून तिच्यावर काम करावें आणि अखेरचें चित्र मात्र मुळावरून काढावें.

पुढची पायरी अधिक मोहाची असते. प्लगइन म्हणजे मूळ साधनास बाहेरून जोडावयाच्या छोट्या प्रणाली. कुणी धूर देते, कुणी वीज चमकविते, कुणी नव्या चित्रावर जुन्या फितीचे ओरखडे ओढते. मसाल्याचा डबा प्रथमच हातीं आलेल्या मुलानें सारे मसाले एकाच भाजींत ओतावे, तसा उमेदवार वागतो. रडणाऱ्या नटीच्या मागें ज्वाळा उठतात, आणि तिच्या मुखावरील भाव मात्र दिसेनासा होतो. मग तो एकेक चमत्कार काढून टाकूं लागतो. बोलणाऱ्याचें वाक्य संपतांच कापावें, कीं ऐकणाऱ्याचे डोळे भरून येईपर्यंत थांबावें, हा प्रश्न कोणतेंहि प्लगइन सोडवीत नाहीं. खरें शिक्षण तेथून सुरू होतें.

चमत्कार वाईट असतात असें मात्र नव्हे. दादासाहेब फाळके हेहि एकेकाळीं उमेदवारच होते. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें दिवसामागून दिवस थोडथोडीं घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट केला. अनेक दिवसांची वाढ पाहणाऱ्यास क्षणांत दिसली, आणि भांडवल देणाऱ्यांस या विद्येचें सामर्थ्य पटलें. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या. पण वाटाणा खरोखरच वाढला होता, आणि राम-सीता ही कथा आहे हें प्रेक्षक जाणून होते. शिवाय चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारा चित्रपटहि फाळक्यांनीं काढला.

या जंगलमुलखांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १० मे २०२५ रोजीं सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मृत्यु पावल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाच्या आवारांतून वाघ माणसास ओढून नेतो, अशी चित्रफीत सर्वत्र फिरली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेनें बनविलेली असून तसें कांहीं घडलेलें नाहीं, असा खुलासा करावा लागला. जेथें वाघाची वार्ता ऐकून बाया रानांत जावयाचें कीं नाहीं हें ठरवितात, तेथें खोटा वाघ म्हणजे नुसती थट्टा नव्हे. त्यानें घबराट पसरते. पण त्याहून वाईट हें कीं, पुढें खरा इशारा आला तरी लोक त्याला चित्रफितींतला वाघ समजून रानाची वाट धरतील.

म्हणून उमेदवारानें दोन संवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्या. जोडलेला वाघ, जोडलेली आग किंवा जोडलेला आवाज असेल तर तसें चित्रावरच स्पष्ट लिहावें. आणि कापलेली प्रत कितीहि सुरेख उतरली तरी मूळ फीत पुसूं नये. हें खरेंच घडलें काय, असें उद्यां गांवानें विचारलें तर पुढें ठेवावयास तीच उपयोगी पडते.