छेदात कोण?



माझी उमेदीची वर्षे चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या महाऔष्णिक केंद्रात वीजनिर्मितीचे संच चालवण्यात गेली. संचाची कामगिरी तपासताना आमचा पहिला प्रश्न असे, कोळशात राख किती? ते न विचारता दोन संचांची तुलना केली की जास्त राखेच्या कोळशावर चांगले काम करणाराच दोषी ठरू शकतो. इस्पितळांचेही तसेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी-एटापल्लीकडचा सिकलसेलचा किंवा साप चावलेला रुग्ण किती उशिरा पोचला हे न पाहता नुसते मृत्यू मोजले, तर अवघड रुग्ण दाखल करून घेणारा तळाला जाईल आणि परत पाठवणारा वर चढेल. मोतीबिंदूत नजर किती सुधारली, सर्पदंशात प्रतिविष किती वेळात टोचले, ज्या त्या शाखेची फूटपट्टी निराळी.

१८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या २४ इस्पितळांचा मृत्युदर ९० टक्क्यांवर दाखवला. वर्षभरातले मृत्यू, भागिले एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण! मोठा वाद झाला. एवढ्या थोर बाईंचाही घोटाळा छेदात झाला.

छेद कसा धरावा, हे आमच्या शेजारच्या गडचिरोलीने दाखवले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने दवाखान्यात आलेलीच नव्हे, तर गावात जन्मलेली सगळी बाळे मोजली. ३९ गावांतल्या आरोग्यदूत बाया घरोघर जायच्या, बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवायच्या, वजन वहीत टिपायच्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. तो आकडा जगाने मानला, कारण मोजणी दवाखान्यापुरती नव्हती, घरोघर होती.

सरकारी दवाखान्यांना आज राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचे प्रमाणपत्र मिळते. स्वच्छता, औषधे, जंतुसंसर्ग, नोंदी, सगळे तपासतात. ते हवेच. पण माझ्या शेजाऱ्याची आई एका दवाखान्यातून नागपूरला रेफर झाली आणि वरोरा ओलांडल्यावर गाडीतच गेली. पाठवणाऱ्याच्या वहीत 'रेफर' एवढेच लिहिले होते. नागपूरच्या वहीत तर तिचे नावच चढले नाही. मुलगा रेफरची चिठ्ठी घेऊन माझ्या दारात आला होता. काका, आईची नोंद कुठे होणार, असे विचारत होता.

म्हणून सभागृहाच्या दाराशी लावलेल्या तक्त्यात शाखावार रकान्यांच्या शेवटी 'वाटेतले मृत्यू' हा एक रकाना आम्ही कोरा सोडला आहे. ते मृत्यू कोणाच्या हिशेबात धरायचे, याची चर्चा या परिषदेच्या पहिल्याच सत्रात व्हावी, ही यजमान म्हणून माझी विनंती.