तुमच्या पडद्यावरचा प्रयोग

एकाच घरातली दोन भावंडं आपापल्या मोबाइलवर एकच ॲप उघडतात. एकाला खरेदीचं बटण हिरवं दिसतं, दुसऱ्याला केशरी. फोन बिघडलेला नसतो. त्या दोघांवर एक प्रयोग चाललेला असतो.

या प्रयोगाचं मूळ शेतात आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी एक पद्धत घडवली. कुठल्या वाफ्याला कोणतं खत घालायचं हे माणसानं आपल्या मर्जीनं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग जमिनीचा कस, ओल, ऊन यांतला फरक कुणा एकाच्या बाजूला झुकत नाही आणि खताचा गुण वेगळा काढता येतो. सॉफ्टवेअर कंपन्यांनी वाफ्यांच्या जागी माणसं घेतली. काहींना जुनं पान, काहींना नवं. हीच ‘ए-बी चाचणी’.

तिचा उपयोग काय? मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या शोधयंत्राची गोष्ट सांगतो. जाहिरातीच्या मजकुराची पहिली ओळ मथळ्यालाच जोडावी, असं एका कर्मचाऱ्यानं सुचवलं. सूचना किरकोळ वाटली आणि सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिली. २०१२ मध्ये एका अभियंत्यानं सहज चाचणी लावली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त!

पण अशी लॉटरी रोज लागत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये हे काम उभं करणारे रॉन कोहावी यांनी लिहून ठेवलंय, की तिथं तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश फायद्याच्या निघाल्या, एक तृतीयांश निरुपयोगी, आणि उरलेल्या चक्क नुकसानीच्या. कल्पना सुचवणारी माणसं हुशारच होती. म्हणूनच साहेबांच्या मतापेक्षा चाचणी बरी.

एक चाचणी सोपी. हजारो चाचण्या एकाच वेळी चालवायच्या, तर? त्यासाठी प्रत्येक चाचणीची चिठ्ठी स्वतंत्र टाकतात, म्हणजे एकीचे गट दुसरीत सारखे मिसळतात. तरी योगायोग उरतोच. पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर काहीही परिणाम नसलेल्या शंभर बदलांपैकी पाचएक निव्वळ नशिबानं ‘परिणामकारक’ दिसतील. चाचण्या वाढल्या की असे फसवे निकालही वाढतात. म्हणून जाणत्या कंपन्या दोन्ही गटांना तेच पान दाखवून आधी आपला तराजूच तपासतात.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे तोलायचं काय? ‘बिंग’च्याच एका प्रयोगात चूक झाली आणि लोकांना अगदी वाईट निकाल दिसू लागले. तेव्हा माणशी शोध १० टक्क्यांहून अधिक वाढले आणि उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक! हवं ते सापडेना, म्हणून माणसं पुन्हा पुन्हा शोधत होती, जाहिरातींवर बोट ठेवत होती. आकडा वर गेला, ग्राहक मात्र वैतागला. मोजमाप चुकीचं असेल, तर प्रयोग आपल्याला बिनचूकपणे चुकीच्या गावी नेतो.

आणि ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचं काय? जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकवर एक आठवडा ६,८९,००३ जणांच्या पानावरचा आनंदाचा किंवा दुःखाचा मजकूर कमी करून, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. परिणाम फार लहान निघाला. पण २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मोठा गदारोळ उठला. आम्हाला विचारलं होतं का, हा लोकांचा सवाल होता.

नव्या औषधाच्या चाचणीत माणसाची संमती घ्यावी लागते. बटणाच्या रंगासाठी तेवढा सोपस्कार कुणी मागणार नाही. पण बटणाचा रंग आणि माणसाचं मन यांच्यामध्ये कुठंतरी एक रेघ आहे. किमती, कर्ज, मुलांचे खेळ, बातम्या यांवरचे प्रयोग त्या रेघेच्या फार जवळ येतात. ती रेघ कुठं ओढायची हे प्रयोग करणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये. वाफ्याला बोलता येत नाही, आपल्याला येतं.