पोरांचे अपघात आणि नशीब
(पालकसभेंतील भाषण)



पोर विहिरींत बुडालें, कीं आपण म्हणतों, त्याचें आयुष्यच तेवढें! मग आम्ही विचारतों, आयुष्य देश पाहून कमी होतें काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालाप्रमाणें वीस वर्षांखालील लाख मुलांमागें अपघाती मृत्यु श्रीमंत देशांत सुमारें १२, इतरांत सुमारें ४२. स्वीडनचीं पोरें कांहीं कमी खोडकर नाहींत. तेथें २००५ पासून पंधरा वर्षांखालील मुलांस सायकलीवरही हेल्मेटाची सक्ति आहे. आमच्या नगर जिल्ह्यांत मिसरूड न फुटलेलें पोर उसाच्या ट्रॉलीवर, मोळ्यांच्या माथ्यावर बसून कारखान्यास जातें! आमच्या वर्गांतला एक असाच पडला. तीन महिने त्याच्या नांवापुढें आम्ही गैरहजर लिहीत होतों. आतां तो लंगडतो.

गांवांतल्या बिनकठड्याच्या विहिरी आम्हीं मोजल्या. अकरा भरल्या. यादी हातांत आहे. मालकांनीं उठून सांगावें, कठडा केव्हां बांधतां?