पांढरा उंदीर घरात आणण्याआधी



उंदीर पाळायचा, असं म्हटल्यावर आमच्या गटाच्या बैठकीत आधी हशाच पिकला. ज्याने कणगी पोखरली, गोधड्या कुरतडल्या, त्यालाच पिंजऱ्यात बसवून जेवू घालायचं? एक काकी म्हणाल्या, "गणपतीबरोबर येतो तेवढा पुरे की!" पण आमच्यातल्या एका ताईंच्या लेकीने जत्रेतून पांढरा उंदीर आणला होता, आणि तो महिन्याभरात मेला. पोर दोन दिवस नीट जेवली नाही. चूक तिची नव्हती, आम्हा मोठ्यांची होती. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून आज आम्ही बोलतोय.

आम्ही काय केलं होतं ते आधी सांगतो. उंदीर एकटाच आणला. त्याला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं. खाली गिरणीतला लाकडाचा भुसा पसरला आणि डबा पत्र्याच्या पडवीत ठेवला, तोही एप्रिल महिन्यात. तो बारीक चुकचुक आवाज करायचा. आम्ही म्हणायचो, "बघा, कसा गातोय!" तो गात नव्हता गं, त्याला श्वास लागला होता. या प्राण्याची छाती फार नाजूक असते. भुशाची धूळ आणि साचलेल्या लघवीचा उग्र वास त्याला सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घामही येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीवाटे बाहेर टाकतो. पत्र्याखालच्या उकाड्यात त्याचा जीव घाबरा होणारच.

आता हा पांढरा उंदीर कोण? आपल्या गटारात, गोदामात दिसतो त्या मोठ्या तपकिरी उंदराचाच हा वंशज. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवून त्याला माणसाळवला. इंग्लंडात दीडशे वर्षांपूर्वी उंदीर पकडणारेच वेगळ्या रंगाचे उंदीर राखून ठेवायचे आणि हौशी लोकांना विकायचे. पुढे १९०१ साली मेरी डग्लस नावाच्या बाईंनी तिथल्या प्रदर्शनात या उंदरांना जागा मिळवून दिली. म्हणून शेतातलं किंवा माळ्यावरचं पिल्लू पकडून पाळणं आणि हा उंदीर पाळणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. रानातलं पिल्लू कितीही गोजिरं दिसलं तरी घरात घेऊ नका. ते चावतं आणि रोगही आणू शकतं.

निवडताना काय बघायचं? डोळे स्वच्छ आणि चमकदार हवेत. नाकाडोळ्यांभोवती लाल डाग दिसला तर ते बहुधा रक्त नसतं, एक लालसर स्राव असतो. पण तो जास्त दिसला तर उंदीर आजारी किंवा घाबरलेला आहे असं समजा. त्याला कानाजवळ धरा. घरघर, शिंका ऐकू आल्या तर परत ठेवा. अंगावर खपल्या नकोत, मागचा भाग कोरडा हवा. कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेल्याची दया येते, पण हात पुढे केल्यावर हुंगायला येणारा निवडा. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं तरी हवं. आणि शेपटीला धरून कधीही उचलू नका, शेपटीची कातडी सोलून निघते. दोन्ही तळव्यांचा झोका करून अंगाखालून उचला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उंदीर एकटा आणू नका, दोन आणा. हा कळपातला जीव आहे, एकटा पडला की झुरतो. पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्याच हव्यात. नराच्या शेपटीखाली अंडकोष स्पष्ट दिसतात, नीट बघून घ्या. मादी पाच-सहा आठवड्यांतच गाभण राहू शकते. साधारण २१ ते २३ दिवसांत विते, आणि एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज होतात. जोडी आणलीत तर वर्षाच्या शेवटी घर कुणाचं, असा प्रश्न पडेल!

पिंजरा तारेचा, हवा खेळणारा आणि ऐसपैस हवा. गजांमधली फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको. तळ तारेचा असेल तर त्यावर पुठ्ठा किंवा कापड घाला, नाहीतर पायाला फोड येतात. अंथरायला कागदाचे तुकडे किंवा जुन्या सुती साडीच्या चिंध्या चालतात. घाण रोज काढा, आठवड्याला सगळं धुवा. पिंजरा सावलीत, जमिनीपासून उंच आणि मांजराच्या झेपेबाहेर ठेवा. रात्री खोलीचं दार लावा. उंदराच्या वासावर साप येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खायला ज्वारी, बाजरी, गहू, शिजवलेली डाळ, भाजी, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. गोड, तळलेलं आणि कच्चं कडधान्य नको. पाणी रोज ताजं. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला पेरूच्या झाडाची काटकी द्या. नाहीतर तुमच्या पदराची खैर नाही!

घरात किंवा शेतात उंदराचं औषध वापरत असाल तर फार जपा. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं विष त्याला बाहेर टाकता येत नाही. आणि झिंक फॉस्फाईडवर तर माणसासाठीही उतारा नाही. ते कुलपातच ठेवा. पाळलेल्या उंदरासाठी नव्हे, पोरांसाठी.

उंदराला हात लावला की साबणाने हात धुवा. पिंजरा मोरीवर भांड्यांशेजारी धुऊ नका. हाताला जखम असेल तर पिशवी बांधून साफ करा. चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवून आरोग्य केंद्रात जा. पाच वर्षांखालची लेकरं आणि गरोदर बायांनी ही साफसफाई करू नये. पावसाळ्यात रानउंदरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो, म्हणून ते पिंजऱ्यापर्यंत येणार नाहीत असं बघा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि घरात उंदीर आहे हेही सांगा.

शेवटचं. हा प्राणी दोन ते तीन वर्षंच जगतो. पोराला हे आधीच सांगा. कंटाळा आला म्हणून बांधावर सोडू नका. पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा जीव कावळ्या-कुत्र्यांना लांबूनच दिसतो, एक रात्रही निघत नाही.

त्या ताईंच्या लेकीकडे आता दोन माद्या आहेत. भुसा नाही, डबा नाही, पत्रा नाही. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की दोघी खांद्यावर चढतात. मागच्या बैठकीत काकींनी हळूच बाजरीचे चार दाणे हातावर ठेवून बघितले. एकीने ते अलगद उचलून नेले, तर काकी म्हणतात, "हात किती गार गं हिचे!"

बाजारात जाऊन पोर हट्ट करील तेव्हा लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. आधी पिंजरा, जागा आणि रोजची पंधरा मिनिटं कोण देणार ते घरात ठरवा. ठरलं, तरच आणा.

येतो आम्ही. नमस्कार.